मुका मार: न दिसणारी जखम कशी ओळखतात

उसाचा सीझन चालू होता. रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात एक छोटा हत्ती येऊन थांबला. मागच्या हौद्यात दोघं होते. रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली अंधारात दिसली नाही आणि मोटरसायकल मागून जाऊन आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा होता, ना रिफ्लेक्टर.

गाडी चालवणाऱ्याचं डोकं फुटलं होतं. शर्ट छातीपर्यंत रक्तानं भिजलेला, आणि तो मोठमोठ्यानं ओरडत होता. साहजिकच सिस्टर, वॉर्डातले मामा, बरोबर आलेली माणसं, सगळे त्याच्याकडे धावले. मागे बसलेला मुलगा त्याचा मेहुणा, बावीस-तेवीस वर्षांचा. तो स्वतःच्या पायांनी चालत आत आला आणि भिंतीलगतच्या बाकावर टेकला. कोपराला एक खरचटलेलं, बाकी अंगावर काही नाही. सिस्टरनी विचारलं तर म्हणाला, "मला काय झालं न्हाई, मुका मार हाय. आधी दाजींना बघा." आणि प्यायला पाणी मागितलं.

मी त्याच्याकडे वळले ती त्याच्या कपाळावरच्या घामामुळे. बाहेर कडाक्याची थंडी आणि याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. मनगट हातात घेतलं तर गार आणि ओलसर. नाडी मोजली, १२४. बीपी ११८/८६, म्हणजे कागदावर अगदी नॉर्मल. "कुठं दुखतंय?" "डाव्या खांद्याला जरा ठणकतंय." खांदा उघडून पाहिला. खरचटलेलं नाही, सूज नाही, हात वर-खाली व्यवस्थित होत होता.

दाजींना नऊ टाके पडले आणि निरीक्षणाखाली दोन दिवस ठेवून ते घरी गेले. मेहुण्याची प्लीहा, म्हणजे पोटातली पाणथरी, फाटली होती आणि पोटात रक्त साचत होतं.

आपल्याकडे 'मुका मार' म्हणजे किरकोळ. रक्त आलं नाही, हाड मोडलं नाही, आंबेहळद उगाळून लावली, शेकलं, झालं. पण हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा वापरला, त्याला मर्म कळलेलं होतं. हा मार मुका असतो, स्वतःहून काही सांगत नाही. त्याला बोलतं करावं लागतं. अपघात विभागात काम करणारे ते कसं करतात, हे सगळ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. कारण त्यातला निम्मा भाग यंत्रांचा नसून नीट बघण्याचा आहे, आणि जखमी माणसाजवळ पहिल्यांदा पोचणारा माणूस बहुधा डॉक्टर नसतोच.

साठच्या वेगानं चाललेली गाडी ट्रॉलीवर आदळते तेव्हा एक नव्हे, तीन टकरा होतात. पहिली गाडीची. गाडी थांबते, पण माणसाचं शरीर साठच्याच वेगानं पुढे जातं आणि हँडलवर, पुढच्या माणसाच्या पाठीवर नाहीतर रस्त्यावर आदळतं. ही दुसरी. शरीर थांबतं, तरी आतले अवयव त्याच वेगात असतात. मेंदू कवटीवर आतून आपटतो, यकृत आणि प्लीहा बरगड्यांवर. ही तिसरी टक्कर बाहेरून दिसत नाही. प्लीहा डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांआड असते. मुठीएवढी, मऊ, रक्तानं भरलेली. ती फाटली तर कातडीवर साधा वळसुद्धा उमटेलच असं नाही.

आणि खांदा का दुखत होता? पोट आणि छातीच्या मध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. पोटात सांडलेलं रक्त त्याच्या खालच्या बाजूला लागलं की तो चुरचुरतो. श्वासपटलाची नस निघते मानेतून, आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोचते. त्यामुळे मेंदूची जागेबाबत गल्लत होते. पोटात रक्त साचतंय आणि माणूस खांदा चोळतोय. पोटाला किंवा डाव्या बरगड्यांना मार बसल्यावर खांद्याला काही न होता खांदा दुखायला लागला, तर ते गांभीर्यानं घ्यायचं.

दिसतं त्याकडे आधी धावणं हा माणसाचा स्वभाव आहे, डॉक्टरांचाही. म्हणून जखमीला तपासायचा एक क्रम ठरवलेला आहे, आणि तो ठरण्यामागे एका डॉक्टरचं स्वतःचं दुःख आहे. जेम्स स्टायनर हे अमेरिकेतले हाडांचे सर्जन. फेब्रुवारी १९७६ मध्ये ते स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नेब्रास्का राज्यात एका शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली. चार मुलं बरोबर होती, त्यांतली तीन गंभीर जखमी. रात्रीच्या अंधारात एका गाडीला हात करून त्यांनी मुलांना जवळच्या गावातल्या रुग्णालयात नेलं. तिथल्या लोकांना अशा जखमींना कसं हाताळायचं याचं शिक्षणच मिळालेलं नव्हतं. स्टायनरांच्या मनात ते रुतून बसलं. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक अभ्यासक्रम उभा केला. १९७८ मध्ये तो पहिल्यांदा शिकवला गेला, १९८० पासून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं तो हाती घेतला आणि आज जगभरचे डॉक्टर तो शिकतात.

त्या अभ्यासक्रमाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. जे सगळ्यांत लवकर मारेल, ते सगळ्यांत आधी शोधायचं आणि सापडल्या जागी दुरुस्त करायचं, मगच पुढं सरकायचं. नेमकं निदान नंतर झालं तरी चालतं. कुठली बरगडी मोडली हे कळण्याआधी त्याला श्वास घेता येतोय का हे कळलं पाहिजे. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू आणि मग कपडे काढून सगळं अंग, असा हा क्रम. इंग्रजीतल्या पहिल्या पाच अक्षरांवर तो बसवलेला असल्यामुळे धांदलीतही विसरत नाही.

अलीकडे या पाचांच्याही आधी एक पायरी आली आहे: उघड्यावर वाहणारं, धारेनं उडणारं रक्त. कडबाकुट्टीत हात गेला, मांडीत पत्रा घुसला, तर श्वास तपासत बसेपर्यंत माणूस रिकामा होईल. तिथं आधी दाबायचं. स्वच्छ फडकं घेऊन तळहातानं, पूर्ण वजन टाकून, सलग दाबायचं. थांबलं का ते बघायला दर मिनिटाला फडकं उचलू नये, धरत आलेली गुठळी त्यानं निघते. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वरच्या अंगाला रुंद पट्टी बांधून, त्यात काठी घालून पिळायची आणि किती वाजता बांधली ते लिहून ठेवायचं. बोट तुटून पडलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकलं तर ते जोडण्यालायक राहत नाही. हे मी मुद्दाम इथं लिहिते, कारण बर्फाच्या डब्यात टाकून आणलेली बोटं मी पाहिली आहेत.

आता श्वासमार्ग. जखमीपाशी गेल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "नाव काय तुमचं? काय झालं?" हे ओळख करून घेण्यासाठी नसतं. माणसानं स्पष्ट आवाजात, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तर दहा सेकंदांत तीन गोष्टी कळतात. घसा मोकळा आहे, बोलण्याइतकी हवा आत-बाहेर होते आहे, आणि मेंदूला पुरेसं रक्त पोचतं आहे. उत्तर आलं नाही, तुटक आलं, किंवा घशातून गुळगुळ आवाज आला की आमची पुढची हालचाल बदलते.

एका आवाजाबद्दल थोडं थांबून सांगायचं आहे. घोरण्याचा आवाज. अपघातानंतर निपचित पडलेला माणूस घोरत असेल तर लोक म्हणतात, "शांत झोपलाय, झोपू दे." तो झोपलेला नसतो. शुद्ध हरपल्यामुळे त्याची जीभ मागे पडलेली असते आणि अर्धवट बुजलेल्या घशातून हवा कशीबशी जात असते. त्यात दारूचा वास आला की मग कुणी बघतही नाही. इंटर्न असताना एका रुग्णालयात मी हे होताना पाहिलं आहे आणि पाहत राहिलेल्यांत मीही होते. रात्री आणलेला माणूस, तोंडाला वास, कानामागे छोटीशी निळसर सूज. 'उतरली की उठेल' म्हणून त्याला कडेच्या खाटेवर ठेवलं. पहाटे त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती आणि वेळ निघून गेली होती. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. डोक्याला मार लागलेला माणूस दारू प्यायलेला असो वा नसो, त्याच्या ग्लानीचं कारण डोकंच आहे असं धरून चालायचं, ते तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत.

घसा मोकळा करताना मान जपावी लागते. मानेचा मणका सरकलेला असेल तर एका झटक्यात माणूस गळ्याखाली लुळा पडू शकतो. म्हणून 'मान सरळ करू या', 'उठवून बसवू या' असं कुणी म्हणालं तर थांबवा. डोकं आणि धड एका रेषेत, दोन्ही हातांनी धरून, आहे तसं ठेवायचं. पाणी पाजायचं नाही. घोट चुकून श्वासनळीत जाऊ शकतो, आणि पुढे भूल द्यायची वेळ आली तर पोट भरलेलं असणं धोक्याचं. तहान लागली म्हणणाऱ्याचे ओठ ओल्या कापसानं टिपावेत. शिवाय तहान हीच खूण असते. त्या मुलानं पाणी मागितलं ते रक्त कमी होत चाललं होतं म्हणून.

श्वास तपासायचा तर छाती उघडी हवी. शर्टावरून काही दिसत नाही. दोन्ही बाजू सारख्या हलतात का, एका मिनिटात किती श्वास होतात, बरगड्यांवर हात ठेवला की कुठं कचकच लागते का. इथं सापडणारी एक गोष्ट मिनिटांत जीव घेते. बरगडी मोडून तिचं टोक फुफ्फुसात घुसलं की हवा छातीच्या पोकळीत येते. कधी कधी फाटलेल्या जागी झडप तयार होते, सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी. श्वास घेताना हवा पोकळीत शिरते, सोडताना बाहेर येत नाही. प्रत्येक श्वासाला दाब वाढतो, त्या बाजूचं फुफ्फुस चेपतं, मग हृदयच दुसरीकडे ढकललं जातं आणि त्याच्याकडे परत येणारं रक्त अडतं. माणूस धापा टाकतो, एक बाजू हलत नाही, स्टेथोस्कोपला तिथं काही ऐकू येत नाही, बीपी कोसळत जातं. याचं निदान हातांनी आणि कानांनी करायचं असतं, एक्स-रेला पाठवायचं नसतं. बरगड्यांमधून जाड सुई घातली की हवा फुस्सकन बाहेर येते आणि काही श्वासांत चेहऱ्यावर रंग परततो.

बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये. बोटं गार पडली असतील तर तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि रक्त किती उरलंय हे तर तो सांगूच शकत नाही.

रक्ताकडे येऊ. मुका मार सगळ्यांत जास्त फसवतो तो इथंच.

सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी बाहेरून फारसं काही कळत नाही. त्यापुढं शरीर काटकसर सुरू करतं. कातडीच्या, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं. म्हणून हात गार पडतात, चेहरा फिका होतो, घाम फुटतो. हृदय जोरानं धावायला लागतं, नाडी वाढते. बीपीचा वरचा आकडा तसाच राहतो, खालचा वर सरकतो, दोघांतलं अंतर कमी होतं. त्या मुलाचं होतं ना, ११८/८६, अंतर फक्त ३२. बीपी खऱ्या अर्थानं पडायला लागतं ते बहुतेकदा दीड लिटरच्या आसपास रक्त गेल्यावर, म्हणजे तीस टक्क्यांच्या पुढं. तोवर कागदावर 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. "बीपी चांगलं आहे, काळजी नाही" हे वाक्य अपघाताच्या पेशंटबाबत मी म्हणत नाही आणि दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला चालत नाही.

याला एक सोपा हिशेब आहे. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या बरोबरीला आला किंवा त्याच्यापुढं गेला, तर घंटा वाजली असं समजायचं. १२४ आणि ११८. दोन्ही आकडे सुटे बघितले तर 'घाबरलाय म्हणून नाडी वाढली' असं म्हणता आलं असतं. एकमेकांशेजारी ठेवल्यावर तसं म्हणता येत नाही.

पण हा हिशेबही काही जणांच्या बाबतीत चुकतो. तरुण आणि मुलं शेवटपर्यंत तग धरतात आणि मग एकदम कोसळतात, मधली पायरी नसते. म्हाताऱ्या माणसांचं उलट. हृदयाचे ठोके आवरणारी गोळी रोज चालू असेल तर रक्त जात असूनही नाडी ऐंशीच्या पुढं जात नाही. ज्यांचं नेहमीचं बीपी १६० असतं त्यांच्यासाठी ११० म्हणजे पडलेलंच. गरोदर बाईच्या अंगात रक्त मुळातच वाढलेलं असतं, त्यामुळे तिच्यात खुणा उशिरा दिसतात आणि तोवर पोटातल्या बाळाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दिवस भरत आलेल्या बाईला उताणं झोपवू नये. गर्भाशयाच्या भारानं मोठी रक्तवाहिनी दबते. मणक्याला धक्का न लावता फळीसकट डावीकडे थोडं कलतं ठेवावं.

रक्त जातं कुठं? आमच्याकडे शिकवतात, एक जमिनीवर आणि चार आत. जमिनीवरचं म्हणजे कपड्यांत, गाडीत, रस्त्यावर सांडलेलं. आतल्या चार जागा म्हणजे छाती, पोट, कंबरेच्या हाडांचं कडं आणि मांडी. एका मांडीचं हाड मोडलं तर कातडी शाबूत असूनही त्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त मुरू शकतं. कंबरेचं कडं मोडलं तर दोन लिटर किंवा त्याहून जास्त. म्हणून कंबर दाबून, हलवून 'कचकच येते का' बघायचं नाही, धरत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. संशय आला तरी पुरे. साधी चादर दुमडून रुंद पट्टी करायची आणि ती पोटावर न बांधता मांडीच्या खुब्यांच्या पातळीवर घट्ट आवळायची. पुस्तकाचं फाकलेलं पान मिटावं तसं ते हाड जवळ येतं आणि आतली जागा कमी होते. चादर सगळ्यांकडे असते. बांधायची कुठं हे माहीत नसतं, एवढंच.

पोटात रक्त आहे का हे बघायला अपघात विभागात सोनोग्राफी करतात. हृदयाभोवती, यकृताखाली, प्लीहेभोवती, लघवीच्या पिशवीमागे, अशा चार जागी काळी रेघ दिसते का, एवढंच दोन-तीन मिनिटांत बघायचं. आमच्यासारख्या छोट्या रुग्णालयांत रात्री ते मशीन हाताशी नसतं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन नोंदणीशिवाय ठेवता येत नाही आणि सहज हलवताही येत नाही. तो कायदा किती गरजेचा होता आणि आहे, हे मी बाई म्हणून आणि डॉक्टर म्हणून जाणते. तरीही अपघाताच्या पेशंटसाठी अपघात विभागात नोंदणी केलेलं एक मशीन असायला हवं असं माझं ठाम मत आहे.

रक्त जात असताना सलाईनवर सलाईन चढवणं ही जुनी पद्धत आता मागे पडली आहे. सलाईन प्राणवायू वाहून नेत नाही, उरलेलं रक्त पातळ करतं आणि गुठळी धरू देत नाही. मोजकं सलाईन, आणि जमेल तितक्या लवकर रक्त. याच्या जोडीला एक स्वस्त औषध आहे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीत अंगावरून फार जातं तेव्हा बायकांना जी गोळी देतात, तीच ही. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी संशोधक दाम्पत्यानं ती शोधली. २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,००० हून जास्त जखमींवरच्या अभ्यासात असं दिसलं की तिचं इंजेक्शन लवकर दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. तीन तासांनंतर मात्र तिचा फायदा उरत नाही, उलट अपाय होऊ शकतो. म्हणून मार नक्की किती वाजता लागला हे आम्ही खोदून खोदून विचारतो. नातेवाइकांना वाटतं हे पोलिसांसाठी. ते औषधासाठी असतं.

मेंदू तपासायला ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये एक मोजपट्टी दिली. डोळे कधी उघडतो याला चार गुण, काय बोलतो याला पाच, हात-पाय कसे हलवतो याला सहा. पूर्ण शुद्धीवर असलेल्याला पंधरा, काहीच प्रतिसाद नसलेल्याला तीन. आठ किंवा त्याखाली गेला की स्वतःचा घसा स्वतः सांभाळायची ताकद त्याच्यात उरलेली नाही असं धरतात आणि श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करतात. मोजपट्टीची खरी किंमत एका आकड्यात नाही. गावातल्या डॉक्टरनं चौदा लिहून पाठवलं आणि जिल्ह्याला पोचल्यावर अकरा भरले, तर वाटेत काहीतरी बिघडलंय हे पेशंट न बोलता कळतं. 'बेशुद्ध' आणि 'अर्धवट शुद्धीत' या शब्दांनी ते कळत नाही.

डोक्याचा एक मुका मार तर फारच क्रूर असतो. कानशिलाजवळचं हाड तडकतं, आतली रक्तवाहिनी फाटते. माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, बोलतो, चहा पितो, 'बरं वाटतंय' म्हणतो. तास-दोन तासांनी डोकं ठणकतं, उलटी होते, ग्लानी येते. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये साचलेलं रक्त मेंदूला दाबत असतं. वेळेत कवटी उघडून ते काढलं तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, म्हणूनच तो हातचा जाणं फार लागतं. वयस्कर माणसांचं वेगळं. न्हाणीघरात पाय घसरून डोकं लागतं, टेंगूळ उतरतं, सगळे विसरतात. दोन-चार आठवड्यांनी आजोबा बरळायला लागतात, पाय ओढत चालतात. घरचे म्हणतात, वयामुळे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी मोठा. अशा वेळी डॉक्टरांना ते जुनं पडणं आठवणीनं सांगावं.

शेवटी कपडे काढून सगळं अंग. कात्रीनं कापून, पाठीसकट. चौघांनी मिळून, एकानं डोकं धरून, लाकडाचा ओंडका कलवावा तसं एका हिसक्यात न फिरवता कुशीवर वळवायचं आणि मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यावरून बोट फिरवायचं. बाई असेल तर पडदा, सिस्टर जवळ, आणि काय करतोय ते तिला सांगून करायचं. ती बेशुद्ध असली तरी. बघून झालं की लगेच पांघरूण. गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. न गोठल्यामुळे आणखी रक्त जातं, त्यानं शरीर आणखी गार पडतं. ब्लँकेट हे अपघाताच्या पेशंटचं औषध आहे.

कोकणात, गोव्यात नारळावरून, आंब्यावरून पडलेल्यांच्या टाचा मोडतात. टाच इतकी सुजते, इतकी दुखते की सगळ्यांचं लक्ष तिथंच. पण पायांवर आदळलेला धक्का टाचेतून वर चढतो आणि कंबरेच्या मणक्यात जाऊन बसतो. म्हणून टाच मोडलेल्याचा मणका तपासल्याशिवाय त्याला उभं करू नये. कसा पडला हे कळलं की काय शोधायचं ते कळतं. यासाठीच आम्हाला आणणाऱ्या माणसाशी बोलायचं असतं. आणि तो बहुधा पेशंट दारात ठेवून निघून गेलेला असतो, पोलिसांच्या धास्तीनं. ही धास्ती बाळगायचं कारण उरलेलं नाही. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं जखमींना मदत करणाऱ्यांसाठीचे नियम बंधनकारक केले, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. पाच मिनिटं थांबा आणि एवढंच सांगा: गाडी कशाला धडकली, हा किती लांब फेकला गेला, हेल्मेट होतं का, मध्ये बेशुद्ध झाला होता का. मोबाइलवर गाडीचा फोटो काढला असेल तर दाखवा. चेपलेलं हँडल बघून मला पोट तपासायला सुचतं.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते. ती मिळणार असेल तर जखमीला रिक्षात दुमडून नेऊ नका. फक्त पेट्रोल गळतंय, गाड्या अंगावर येतायत, अशा वेळीच त्याला आहे तिथून हलवा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. त्यांतले किती जण चालत-बोलत दवाखान्यात आले असतील, हा विचार मला झोपू देत नाही.

त्या मुलाला आम्ही स्ट्रेचरवर आडवं केलं. दोन्ही हातांना जाड सुया, ऑक्सिजन, ट्रॅनेक्झॅमिकचं इंजेक्शन, वर दोन ब्लँकेटं. जिल्हा रुग्णालयाला फोन करून वेळ, नाडी, बीपी, खांद्याचं दुखणं सांगितलं आणि रक्त तयार ठेवायला सांगितलं. पाच-पाच मिनिटांनी नाडी मोजत होतो. पहिल्या तपासणीत जे नाही ते दुसरीत सापडतं, म्हणून तपासणी एकदा करून संपत नाही. १०८ निघेपर्यंत नाडी १३२ झाली होती आणि बीपी १०४ वर आलं होतं. तो तेव्हाही विचारत होता, "दाजी कसं हायत?" तिकडे सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं आणि तासाभरात ऑपरेशन होऊन प्लीहा काढली.

ज्यांना मुका मार लागला आणि तपासून घरी सोडलं, त्यांच्यासाठी मी कागदावर लिहून देते. पहिले दोन दिवस एकटं राहू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, लघवीत रक्त, पोट कडक होणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी, विनाकारण खांदा दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी या. प्लीहेला गेलेला बारीक तडा काही दिवसांनीसुद्धा फुटू शकतो.

तीन आठवड्यांनी तो मुलगा दाजींबरोबर आला. प्लीहा नसली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी घ्याव्या लागतात, त्याबद्दल विचारायला. मी त्याला एक चिठ्ठी लिहून दिली: प्लीहा काढलेली आहे, ताप आल्यास त्याच दिवशी दाखवणे. ती प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून पाकिटात कायम ठेव म्हणून सांगितलं. दाजींनी तिचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि बायकोलाही पाठवला.